पडद्याआडची पंगत

शंकरराव वानखडे मेहकरात मलेरिया खात्यात नोकरीला होते. फवारणीच्या निमित्तानं गावातल्या बहुतेक घरांत त्यांचं जाणं व्हायचं. कोणत्या घरात औषधाचा पंप आत जातो पण माणसाला ओट्यावरच थांबवतात, हेही त्यांना आता पाठ झालं होतं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्यांना बौद्ध होऊन त्याहून जास्त. पण ओटे होते तिथंच होते.

दिवाळीनंतरच्या रविवारी मनमाडहून त्यांचा कॉलेजातला मित्र कचरू येणार होता, बायको सिंधू आणि मुलगी पंचफुला यांना घेऊन. लोणारचं सरोवर पाहायला निघाले होते. वाटेत दुपारचं जेवण शंकररावांकडे, असं ठरलं होतं. पण चांगुणाबाई बाळंतपणासाठी पिंपळगाव राजाला माहेरी गेलेल्या, आणि शंकररावांना चहापलीकडे काही येत नव्हतं. पाहुण्यांना बाहेरच जेवू घालणं भाग होतं.

बाहेर म्हणजे कुठं, हा प्रश्न होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात बिड्यांचा धूर आणि शिव्या; तिथं बाईमाणूस कधी टेकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. बाजारातलं भोजनालय स्वच्छ होतं, पण गिऱ्हाईक बसायच्या आधी मालक गाव आणि आडनाव विचारायचा. एकदा त्यानं शंकररावांचा पेला वेगळा ठेवायला सांगितला होता. त्यांनी ते गिळलं होतं. पण वहिनी आणि पोरीसमोर तसं काही झालं तर गिळता आलं नसतं.

खात्यातल्या मोतीरामनं मनकर्णाबाईंची खानावळ सुचवली. "मागच्या गल्लीत आहे. बायकापोराइसाठी पडदा लावेल खोली बी आहे तिथं. बाई सरळ आहे."

शंकरराव आदल्या दिवशीच दुपारी बघायला गेले. जुनं धाब्याचं घर, वर मातीचं छत. बाहेरच्या खोलीत पाट मांडलेले, आतल्या खोलीच्या दाराला जाड निळा पडदा. मनकर्णाबाई पन्नाशीच्या होत्या. शंकररावांनी ताट यायच्या आधीच आपलं आडनाव सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "मी इचारलं का तुमाले? बसा नं."

जेवण चांगलं होतं. भरली वांगी, ज्वारीची भाकर, तिळाची चटणी. जेवता जेवता पडद्याआडून बोलणं ऐकू आलं. आत एखादं कुटुंब बसलेलं असावं.

"मला देठ नको," एक पोरगी म्हणाली.

"देठ तर चोखून खायचं असतं," गडी म्हणाला आणि हसला.

"तिला बळजबरी करू नका," बाईचा आवाज. बांगड्या वाजल्या.

मधेमधे बोलणं थांबायचं, जणू आणखी कोणी तरी बोलतंय आणि त्याचं तेवढं ऐकू येत नाही. मग पुन्हा हसणं. शंकररावांना बरं वाटलं. उद्या आपली माणसं अशीच बसतील, असं त्यांच्या मनात आलं.

"आई, वर कोण चालतंय?" पोरगी म्हणाली.

"मांजर असेल. जेव तू."

"मांजर इतकं जड नसतं."

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. भांडं वाजलं नाही, कोणी खोकलं नाही. शंकररावांचं जेवण झालं, हात धुऊन झाले, तरी आतून कोणी बाहेर पडलं नाही. त्यांनी सहज विचारलं, "आतले पाहुणे कुठले?"

"कोनते पाहुणे?" मनकर्णाबाईंनी पडदा बाजूला केला. आत सारवलेली जमीन, भिंतीला टेकवलेले पाट. एक शितही सांडलेलं नव्हतं. "आज तुमीच पयले. शेजारच्या घरातलं ऐकू आलं असन. भित एकच आहे."

शंकररावांनी ते पटवून घेतलं. शेजारच्या घराला कुलूप होतं, हे त्यांनी जाताना पाहिलं. पण जागा पसंत पडली होती आणि दुसरी हाताशी नव्हती.

रविवारी पाहुणे आले. कचरूचं पोट सुटलं होतं, आवाज तोच होता. पंचफुला सात वर्षांची, चुणचुणीत. दुपारी चौघं पडद्याआड बसले. मनकर्णाबाईंनी कौतुकानं पोरीसाठी छोटा पाट आणला. बाहेर चार-पाच गिऱ्हाइकं जेवत होती. सिंधूवहिनी पदर सावरून ऐसपैस बसल्या, आणि शंकररावांच्या मनावरचं ओझं उतरलं.

ताटात भरली वांगी आली.

"मला देठ नको," पंचफुला म्हणाली.

"देठ तर चोखून खायचं असतं," कचरू म्हणाला आणि हसला.

शंकररावांचा घास हातातच राहिला.

"तिला बळजबरी करू नका," सिंधूवहिनी म्हणाल्या आणि भाकर मोडताना त्यांच्या बांगड्या वाजल्या.

"प्रवास कसा झाला?" शंकरराव मधेच म्हणाले. काही तरी वेगळं बोललं जावं, एवढ्यासाठीच. कचरूनं उत्तर दिलं, हसला, आणि ते हसणंही कालचंच होतं. मग शंकररावांच्या ध्यानात आलं. कालच्या बोलण्यात मधे मधे ज्या रिकाम्या जागा होत्या, त्यांत आपलंच बोलणं बसत होतं. काल फक्त त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला नव्हता. आत्ता ते जे बोलतील ते त्या जागांतच जाऊन पडणार होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"भाऊजी, जेवत का नाही?"

"आई, वर कोण चालतंय?" पंचफुलानं मान वर केली.

"मांजर असेल. जेव तू."

"मांजर इतकं—"

शंकररावांनी पोरीला उचललं. "उठा. वहिनी, उठा. कचरू, चल बाहेर."

"अरे, काय झालं?"

"चल म्हणतो ना."

खरकट्या हातांनी सगळे बाहेरच्या खोलीत आले. जेवणारी माणसं बघायला लागली. कचरूनं त्या माणसांकडे पाहिलं, मग शंकररावांकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "आपल्याला उठवलं का रे?"

शंकररावांनी पोरीला खाली ठेवलं. सिंधूवहिनी खाली मान घालून पोरीचा हात पदरानं पुसत होत्या.

चुलीजवळून मनकर्णाबाई उठून आल्या. "काऊन उठले? भाजीत काही निंघालं का?" म्हणत त्या पडद्याकडे गेल्या. शंकररावांनी त्यांचं मनगट धरलं. परक्या बाईचं मनगट, चारचौघांत. एक माणूस ताटावरून अर्धवट उठला. बाईंनी हात सोडवायला हिसका दिला, पण शंकररावांनी सोडला नाही.

वर धप्प झालं. मग लाकूड फाटल्याचा लांबलचक आवाज, आणि पडदा बाहेरच्या बाजूला फुगला. त्याच्या खालून पांढऱ्या मातीचा लोट खोलीभर पसरला.

धूळ बसल्यावर दिसलं. वाळवीनं पोखरलेली तुळई मधोमध मोडली होती, आणि तिथलं छत चारही ताटांवर आलं होतं. वरच्या भोकातून ऊन पडलं होतं. भोकाच्या कडेला एक थोराड वानर बसलं होतं. ते खाली बघत राहिलं आणि मग निघून गेलं.

मनकर्णाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "तुमाले कसं समजलं?" शंकररावांनी काल ऐकलेलं सांगितलं. बाईंनी उठून अंगणात तीन दगड मांडले, विस्तव आणला आणि पिठलं टाकलं. सगळे उन्हात बसून जेवले, बाहेरची गिऱ्हाइकंसुद्धा, एकाच ओळीत. कोणाला फारशी चव लागत नव्हती.

"काका," पंचफुला हळूच म्हणाली, "पडद्याच्या फटीतून मला तुम्ही दिसलात. बाहेर एकटेच जेवत होतात."

"मी तर तुझ्याजवळ बसलो होतो."

"हो," ती म्हणाली. "दोन्हीकडे होतात."

सिंधूवहिनींनी तिला जवळ ओढलं आणि पुढं बोलू दिलं नाही.

लोणारला जायचं कोणी नाव काढलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते परत निघाले. कचरू खिडकीशी बसला होता. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, आपल्याला उठवलं. तिथून निघून कुठं जायचं, हेच डोक्यात चाललं होतं. छत पडलं तेव्हा, खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "वहिनी माहेरून आल्या की कळव."

गाडी सुटली. शंकररावांनी हात वर केला, तो गाडी वळणाआड जाईपर्यंत तसाच ठेवला. घरी जाऊन एकट्यानं बसायला त्यांना धीर होईना. चांगुणाबाईंकडे, पिंपळगाव राजाला जायला उद्या पहिली गाडी कोणती, हे विचारायला ते तिकिटाच्या खिडकीच्या रांगेत उभे राहिले.