एकसारखी उत्तरं

सत्त्याण्णव सालचा मार्च. दहावीचा गणिताचा पेपर निम्मा झाला होता. मुख्याध्यापक वर्गात आले, जयश्रीच्या बाकावरची उत्तरपत्रिका त्यांनी उचलली आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवायला सुरुवात केली. निकाल घसरला तर शाळेचं अनुदान जाईल, या धास्तीने त्यांना घेरलं होतं. सूर्यमाळच्या पाड्यावरून आलेल्या जयश्रीला वसतिगृहात जागा त्यांनीच मिळवून दिली होती, ती बोलणार काय?

वर्गाचा निकाल राखून ठेवला गेला. सगळ्यांची उत्तरं एकसारखी, चुकलेलं प्रमेयही एकाच जागी चुकलेलं. जुलैत चौकशीला मोखाड्याच्या या शाळेत बोर्डाचे साहेब आले. पोरं एकेक करून आत गेली आणि कॉपी कबूल करून, ऑक्टोबरला बसायची परवानगी घेऊन बाहेर आली.

जयश्रीने मात्र सांगितलं, मी कोणाचं पाहिलं नाही. मग सगळ्यांनी तुझं कसं पाहिलं, साहेबांनी विचारलं. सरांचं नाव तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं.

"साहेब, एक गणित घाला. तुमच्यासमोर सोडवते."

"तसा नियम नाही, बाळ. कबूल कर, नाहीतर निकाल असाच राहील."

बाहेर तिचा बाप बारक्या थांबला होता, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, अर्धवट टाकून आलेला. तिने कबूल केलं.

ऑक्टोबरची परीक्षा जव्हारला झाली, कडक बंदोबस्तात. जयश्रीला गणितात एक्क्याऐंशी मिळाले. बाकीचे बहुतेक आपटले. अकरावीचे प्रवेश तोवर कधीच संपले होते. वर्ष वाया गेलं ते गेलंच, वर नापास झालेली मैत्रीण चंद्रकला तिला सगळ्यांदेखत विचारून गेली, "या वेळी चिठ्ठी कोणी पुरवली गं?"

फेब्रुवारीत मुख्याध्यापक स्वतः पाड्यावर आले. तोंडभर कौतुक केलं आणि मुद्द्यावर आले. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला मागच्या खोलीत बसून पोरांसाठी पेपर सोडवून द्यायचा. तिच्या अकरावीचं ते बघतील.

जयश्रीच्या डोक्यात तिडीक गेली. आवाज मात्र तिने चढू दिला नाही.

"सर, मी उद्यापासून येते. पोरांना शिकवते."

"आता शिकवून काय होणार? महिना राहिलाय."

"मग मला जमायचं नाही."

ते उठले. पेपर सोडवायला त्यांना दुसरं कोणीतरी मिळालं. त्या वर्षी शाळेचा निकाल दणदणीत लागला. चंद्रकलाही पास झाली, गणितात अठ्ठ्याऐंशी. जव्हारला अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत तिचं नाव जयश्रीच्या वर लागलं.