माईक हातातून सोडायचा नाही

सभागृहात तिला सगळे माईकवाली म्हणत. व्याख्यान संपलं, की श्रोत्यांचे प्रश्न. तेव्हा बिनतारी माईक घेऊन रांगांमधून पळायचं, एवढंच तिचं काम. पण एवढंच म्हणून नाक मुरडू नका. त्या कामाचा एक नियम होता आणि व्यवस्थापकांनी तो पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात पक्का बसवला होता: माईक कुणाच्याही हातात द्यायचा नाही. आपणच विचारणाऱ्याच्या तोंडापुढे धरायचा, अंगठा चालू-बंदच्या बटणावर. एकदा का माईक लोकांच्या हातात गेला, की प्रश्न राहतो बाजूला आणि दुसरं व्याख्यान सुरू होतं.

त्या दिवशीचं काम मात्र नेहमीसारखं नव्हतं. पाहुणा लेखक मोठा, देशोदेशी फिरलेला; विषय जग, राजकारण आणि स्वातंत्र्य. परवानगी मिळाली हेच नवल! व्यवस्थापकांनी तिला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "पकडून नेलेल्या माणसांबद्दल एक अक्षर नको. कुणी सुरुवात केली, की अंगठा. कळलं?"

तिला न कळायला काय झालं होतं! पकडून नेलेल्यांत तिचा धाकटा दीर होता. छापखान्यात काम करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाचं तरी पत्रक छापलं आणि बसथांब्यावरून उचलला गेला. चौकीत साहेबांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला बसवून, पाणी देऊन, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "घरच्यांनी तोंड बंद ठेवलं, तर पोरगा परत येईल. बोभाटा केलात, तर आमचा नाइलाज आहे. " मग नवऱ्याकडे वळून, "तुम्ही पण त्याच छापखान्यात ना हो?" तेव्हापासून घरात सगळे कुजबुजत बोलत. सासूबाईंना कमी ऐकू येई, कुजबुज तर मुळीच नाही. मग त्यांच्याशी बोलणंच बंद पडल्यासारखं झालं होतं.

लेखक बोलला छान. "स्वातंत्र्य एका दिवसात जात नाही," तो म्हणाला. "आधी लोक दारं लावून बोलतात. मग दारं लावूनही बोलत नाहीत." दाखले लांबच्या देशांचे देत होता बिचारा, जवळचे द्यायची सोय नव्हती. शेवटच्या रांगेत करडा कोट घातलेला एक माणूस बसला होता. त्याला पुस्तकांशी काडीचं देणंघेणं नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

पहिला प्रश्न एका प्राध्यापकांचा. प्रश्न कसला, स्वतःचीच टिमकी! लोक हसले. तीही हसली, मागे वळली आणि जागीच थबकली. मधल्या रांगेत सासूबाई हात वर करून उभ्या होत्या. सकाळी म्हणाल्या होत्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येते!

न पाहिल्यासारखं करून ती दुसरीकडे निघाली. पण लेखकाचंच लक्ष गेलं. "त्या आजींना द्या ना माईक."

झाली का पंचाईत! ती गेली. "आई, बसा खाली, पाया पडते तुमच्या," ती पुटपुटली. ज्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं, त्यांना पुटपुटलेलं काय कळणार? सासूबाई तिच्याकडे बघून हसल्या. तिकडे करडा कोट उठून उभा राहिला होता. डोळ्यांसमोर आधी दीर आला, मग नवरा. अंगठा आपोआप दाबला गेला. आपोआप कसला, तिनंच दाबला. माईकवरचा हिरवा दिवा विझला.

कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात म्हणे. सासूबाईंचं उलट होतं. मुलाला पकडून नेल्यापासून त्यांचा आवाजच बसला होता. "माझा धाकटा कुठं आहे, ते तुम्ही तरी विचाराल का हो?" त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकतील ते. त्यानं फक्त कागद छापले. त्याला खोकल्याचा त्रास आहे, औषध कोण देत असेल?" शेजारच्या दोन बायकांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी माना खाली घातल्या.

"काही ऐकू आलं नाही," लेखक म्हणाला. "काय विचारतायत त्या?"

आता सगळं सभागृह माईकवालीकडे बघू लागलं. तिनं बटण दाबलं, दिवा लागला. दोन वाक्यांचं तर काम होतं. पण तोंड उघडलं तेव्हा ती भलतंच बोलली, "त्या विचारतायत, तुमचं पुस्तक मोठ्या अक्षरांत मिळेल का?"

लोक कौतुकानं हसले. टाळ्या पडल्या. लेखकही खुलला, आजींसाठी मुद्दाम काढू म्हणाला. टाळ्या बघून सासूबाईंनी चारी बाजूंना वळून हात जोडले.

बाहेर पडताना करडा कोट दाराशी उभा होता. "शहाण्या आहात," तो हळूच म्हणाला. "सासूबाईंना सांभाळून न्या." त्या तिच्या सासूबाई आहेत, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

रस्त्यावर सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "केवढ्या टाळ्या पडल्या गं! काय म्हणाले ते?"

तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "बघतो म्हणाले, आई."

"वाटलंच मला! एवढ्या लोकांनी ऐकलंय, आता सोडावाच लागेल त्याला." म्हातारी भरभर चालू लागली होती. "आणि खरं सांगू? मला बघून तू पळशील, असंच वाटलं होतं. कामावरून काढतील म्हणून घाबरशील. पण पोटची पोरगी धरणार नाही, असा माईक धरलास हो माझ्यापुढे!"

आणि भर रस्त्यात थांबून त्यांनी तिचा तो उजवा हात उचलला आणि आपल्या ओल्या गालाला लावला. माईकवालीला हंबरडा फोडून रडावंसं वाटलं. पण करडा कोट अजून दारातच उभा होता, म्हणून ती हसली.