गावकीची वाटणी

आमची गावकी एका रविवारी सकाळी देवळात विसर्जित झाली. गुलाल नव्हता, वाजंत्री नव्हती, तरी शब्द विसर्जित हाच होता. कागद वाचणारा राजेश वाडीच्या मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी आहे आणि साधा शब्द तोंडात आला तर त्याला कमीपणा वाटतो.

मी समीक्षा. पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या पुढे आमची वाडी आहे. महाडला एका इंग्रजी शाळेत मी मराठी शिकवते, म्हणजे ज्या तासाला पोरं गणिताची वही पुरी करतात तो विषय. गेल्या साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा गावकीनं, म्हणजे वाडीचा कारभार बघणाऱ्या मंडळींनी, कुशाबाच्या सुनेला बिनविरोध निवडून द्यायचं ठरवलं. कुशाबा गावकीचा पुढारी, तेव्हा हे ठरवायला फार वेळ लागला नसेल. मी अर्ज भरला. पडले, आणि सणसणीत पडले. पण माझ्या पडण्यानं गावकीचं पोट भरलं नाही. उभी राहिलीच कशी, म्हणून आमचं घर वाळीत टाकलं.

गिरणीवर आमचं दळण मागे पडू लागलं. लग्नाची आवतणं थांबली. सासूबाई, आनंदीबाई, पाण्याला गेल्या की तिथल्या गप्पा बंद होत आणि बायका हंड्यांकडे असं बघत बसत की जणू हंडे बोलणार आहेत. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. असं कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तसा कायदा आहे. मी पोलिसांत तक्रार दिली. हवालदार वाडीत येऊन गेला. एका घराला टाकायला अख्खी वाडी मांडी घालून बसली होती, पण हवालदाराला नाव सांगायला एकही शूर पुढे येईना. तेव्हा राजेशनं मुंबईहून तोड काढली. गावकीच नाही, तर गुन्हा कुणाचा?

त्या रविवारी आम्हालाही बोलावणं होतं. आत नाही, पायरीपर्यंत. तक्रार करणारणीनं कानांनी ऐकलं पाहिजे म्हणून. राजेशनं आधी इंग्रजीत वाचलं. 'डिझॉल्व्ह' हा शब्द त्यानं तोंडात इतका घोळवला की दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग मराठी वाचलं, तेव्हा कुशाबा बिथरला.

"विसर्जन देवाचं करतात," तो म्हणाला. "आपण काय मूर्ती हाव?"

राजेशबरोबर आलेला ऋत्विक, जन्म मुंबईचा, भाषा टीव्हीची. तो म्हणाला, "काका, सिंपल आहे. समिती भंग झाली बोला ना. न्यूजमध्ये तसंच बोलतात."

"देवळात भंग नको बोलूस रे," आतून कुणी म्हातारी म्हणाली.

जानू तहसील कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला. त्याच्या मते सायबाच्या कागदात नेहमी बरखास्त असतं, आणि पोलिसाला तोच शब्द कळतो. अखेर तिन्ही शब्द कागदावर चढले. मग कुशाबा लोकांकडे वळला आणि पहिल्यांदाच माणसासारखं बोलला. "गावकी मोडली. कळलं? जावा घरी."

मी पायरीवर उभी राहून मनातल्या मनात हसत होते. इंग्रजांचं बरं आहे. साखर असो, लग्न असो, कंपनी असो, पार्लमेंट असो, सगळ्याला एकच शब्द. आपल्याकडे साखर विरघळते, सभा बरखास्त होते, लग्नाचा काडीमोड होतो. आणि विसर्जन होतं गणपतीचं, जो पुढच्या वर्षी यायचं कबूल करूनच पाण्यात उतरतो. राजेशनं एवढ्या शब्दांतून नेमका परत येणाऱ्याचा शब्द उचलला. मूर्ख माणसाच्या हातूनही कधी कधी खरं लिहिलं जातं.

सोमवारी आनंदीबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या. गिरणीवाला गयावया करून म्हणाला, "काकी, घेतलं असतं गो. पन गावकीच नाय आता. घेऊ का म्हणून विचारू कुणाला?"

हा प्रकार मला सुचला नव्हता. पूर्वी गावकी आम्हाला परत घेऊ तरी शकत होती. आता घेणारा कुणी उरला नव्हता, फक्त टाकलेले उरले होते. तक्रारीला राजेशचा कागद जोडला गेला आणि ती कपाटात जाऊन पडली. चहात साखर विरघळली की ती संपली असं कुणी म्हणतं का? घोटाघोटाला असते. आमची गावकी देवळातून उठून तशी घराघरात उतरली होती, आणि दोष द्यायला समोर एक चेहराही नव्हता.

एकटी सुंदराबाई तेवढी बदलली नाही, कारण तिनं गावकीचं कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या शेजारचं घर तिचं. नवरा गेलेला, मूल नाही, दावणीला एक म्हैस. वाळीत पडलो त्या दिवसापासून ती मागच्या कुंपणावरून दुधाची किटली पुढे करायची. मी एकदा म्हटलं, तुम्हाला त्रास होईल. ती म्हणाली, "म्हशीला काय गावकी कळते गो? तिला रोज पिळावीच लागते."

त्या दुधाचा चहा पिऊन आमचे सासरे हैबती शिमग्याची काळजी करत बसायचे. कुशाबाच्या आधी गावकीचे पुढारी तेच होते. आपल्या काळात कुणाकुणाला वाळीत टाकलं हे दुसरे लोक तीर्थयात्रा सांगतात तसं ते सांगत. शिमग्यात देवीची पालखी घराघरात जाते, वाळीतल्या घरावरून मात्र सरळ पुढे. यंदा ती आपल्या दारावरून जाणार, हा विचार त्यांना सोसवत नव्हता. "हा माझा शेवटचा शिमगा," असं ते दर वर्षी म्हणत आणि आम्ही दर वर्षी दुर्लक्ष करत असू. या वर्षी महाडच्या डॉक्टरांनीही छातीला नळी लावून तेच म्हटलं होतं.

"पालखी नाय आली तर मला इथनं उचलू पन नका," ते म्हणाले. आनंदीबाईंनी तोंडाला पदर लावला. मला या माणसाचा राग येई आणि कीवही येई. त्या वेळी कीव जास्त होती, हे सांगून टाकते.

शिमग्याच्या आधी मोडलेल्या गावकीची देवळात बैठक भरली. हो, भरली. पालखीचा मार्ग ठरवायचा होता. सासऱ्यांनी कापडी पिशवी घेतली, माझा दंड धरला आणि धापा टाकत देवळाची पायरी चढून सरळ आत गेले.

"कुशाबा, गावकी मोडली ना?"

"मोडली, तात्या. कागद हाय."

"मग वाटणी कर."

"कसली वाटणी?"

"तुमचं एकत्र घर मोडलं तवा तुझ्या बापानं काय केलं? भांडी वाटली, बैल वाटले, आंबा वाटला. गावकी मोडली, तर मोठी पातेली काढ, ताडपत्री काढ, स्पीकर काढ. आणि पालखी काढ. माझ्या घराचा हिस्सा मला दे."

वाटणी हा एकच विषय आमच्या वाडीत जन्मल्या पोराला कळतो. आपण त्या रविवारी काय बोलून बसलो हे त्यांना आता समजत होतं.

"पालखी वाटतात काय, तात्या?" जानू म्हणाला.

"दांडी सागाची हाय. माझ्या वाट्याला येईल तेवढी कापून द्या." सासऱ्यांनी पिशवीतून करवत काढून पुढ्यात ठेवली.

कुशाबानं राजेशला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. राजेश ऑफिसात असावा, दबल्या आवाजात बोलत होता. "काका, डिझॉल्व्ह म्हणजे तसं नसतं. ते टेक्निकल आहे."

"मग पालखी पन टेक्निकल काढा," सासरे म्हणाले, "आणि खरी हाय ती वाटा."

फोन कट झाला. कुशाबाचा चेहरा बघण्यासारखा होता. मोडली म्हणावं तर करवत पुढ्यात, आणि नाही मोडली म्हणावं तर तक्रार कपाटातून बाहेर.

"गावकी मोडली नाय," शेवटी तो म्हणाला. "गावकी हाय."

सगळ्या देवळानं श्वास सोडला. मी विचारलं, "हवालदारालाही हेच सांगाल?"

"तुमचं घर आत घेतल्यावर सांगायचं कामच काय? तात्यांनी नारळ ठेवावा. पालखी येईल. तू तेवढी तक्रार मागं घे."

"पालखी येऊ दे आधी," मी म्हटलं.

पालखी आली. खोटं बोलणार नाही, मला रडू फुटलं. महिनोन्‌महिने ज्या अंगणात कुणी पाऊल टाकलं नव्हतं तिथं ढोल वाजत होता, पालखी नाचत होती. आनंदीबाईंनी खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, देवीची ओटी भरली. सासऱ्यांनी नारळ ठेवला, माथा टेकला आणि उठेनात. मला वाटलं, गेले. उठले तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. आम्ही जिंकलो, असं मला मनापासून वाटलं.

पालखी उचलायच्या आधी जानू म्हणाला, "पुढचं घर सुंदराबाईचं. तिचं काय करायचं?"

"तिचं काय?" मी विचारलं.

कुशाबा आमच्या पडवीत ऐसपैस बसला होता. "गावकी हाय म्हटल्यावर गावकीचा हुकूमही होता. वाळीतल्या घराला दूध देऊन तो तिनं मोडला. तात्या, तुम्ही जुनंजाणतं माणूस. तुम्हीच सांगा."

वर्षभरात सासऱ्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली. आनंदीबाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही.

"हुकूम मोडला तो मोडला," ते म्हणाले. "आज सोडलं तर उद्या ऐकेल कोण?"

"बाबा, तुमच्या पोटात तिचंच दूध आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर मला पक्कं ठाऊक हाय, तिनं दिलं."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या, न्यायनिवाडा झाल्यावर डोलावतात तशा. पालखी उठली. सुंदराबाईनं अंगण सारवून रांगोळी काढली होती, निरांजन लावून ताट घेऊन ती दारात उभी होती. पालखी रांगोळीच्या कडेनं पुढे गेली. ढोल वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिनं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हशीकडे गेली. आनंदीबाई घरात शिरल्या. सासरे अंगणातल्या शेवग्याला टेकून पालखीकडे बघत होते, कृतकृत्य. त्या माणसासाठी मी देवळाची पायरी चढले होते. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं ओळखलं. "मॅडम, झालं ना सगळं? मागे घ्यायला आलात?"

"नाही. नवी तक्रार द्यायची आहे. सुंदराबाईच्या वतीनं. ती बाहेर बाकावर बसली आहे."

त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं, कंटाळून कागद ओढला आणि नावं विचारली. मी कुशाबाचं सांगितलं, जानूचं सांगितलं.

"निवाडा कुणी दिला?"

मी हैबतींचं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव ऐकून त्याचं पेन थांबलं.

"हे तुमचे कोण?"

"सासरे," मी म्हटलं. "त्यांचं नाव सगळ्यात वर घ्या."