तीन पंख्यांचं कार्ड

"मुलगा कितवीला हाय, काका?" काउंटरमागच्या राजवीरनं तेजस्वीच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं.

"मुलगा न्हाय," पप्पा म्हणाले. "ही. हिला पायजे."

"व्हय, पण गेम खेळणार कोण?"

तेजस्वीनं पप्पांकडे बघितलं. राजारामपुरीतलं हे तिसरं दुकान, आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न. पहिल्यानं तिला गुलाबी माउस दाखवला होता. दुसऱ्यानं, "ताई, प्रोजेक्ट टाईप करायला एवढं कशाला लागतंय?" असं विचारून चहा मागवला होता, तोही फक्त पप्पांना. आणि हा तिसरा! केसांना इतकं जेल की दुकानातले सगळे रंगीत दिवे त्याच्या डोक्यावर लुकलुकत होते. मागच्या काचेच्या कपाटात काँप्युटर कमी आणि रोषणाई जास्त. एखाद्या मंडळाचा गणपती येऊन बसायचाच काय तो बाकी होता.

"मीच खेळणार हाय," ती म्हणाली. "ग्राफिक्स कार्ड दाखवा. आठ जीबीचं. पॉवर सप्लाय साडेसहाशे वॉटचा हाय. केबिनेटमध्ये लांबीला तीनशे दहा मिलिमीटर जागा हाय, मी स्वतः मोजलंय. आणि दिवे नकोत."

"दिवे नकोत?" राजवीर पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसला. "अगं, दिव्याशिवाय गेमिंग वाटतंय का?"

घ्या! ह्या माणसाकडे लोक लाखाचे काँप्युटर जुळवायला येतात, आणि त्याला कार्डातलं कळतं काय, तर लायटिंग.

तिला मात्र कळत होतं. सगळं कळत होतं. निदान गेल्या महिन्यापासून तिची तशी खात्रीच झाली होती. शाळेच्या काँप्युटर लॅबमधलं तीन नंबरचं मशीन सर दोन दिवस नुसतं आपटत बसले होते. तेजस्वीनं उठून रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं पुसली, परत बसवली. मशीन सुरू! त्या दिवसापासून दहावी 'ब'च्या या पोरीची मान जी ताठ झाली, ती झोपेतसुद्धा खाली येईना. घरी तिच्या टेबलावर वर्षभरात एकेक करून आणलेले भाग बसवून तयार होते. तिनंच बसवले होते, एकटीनं. केबिनेटची काच उघडी होती आणि आत बरोबर मधोमध एक रिकामी जागा होती. पडद्यावर गेमची चित्रं पळवणाऱ्या कार्डाची.

"आवर बाळ," पप्पा म्हणाले. "पाचला कोडोलीचं हंबीरराव येणार हाईत. मोटर सकाळीच टाकून गेल्यात."

मोटर, मोटर आणि मोटर. जोतीराम, म्हणजे तिचे पप्पा, उद्यमनगरात गेली सव्वीस वर्षं जळालेल्या मोटरी भरत होते. भरायच्या म्हणजे आतलं जळकं तांबं उपसून काढायचं, नवी तार गुंडाळायची, वार्निश द्यायचं, भट्टीत वाळवायचं. सव्वीस वर्षं एकच काम आणि एकच शटर. तेजस्वीला विचाराल तर हे आयुष्य नव्हतंच, ते एक वेटोळं होतं. बोर्डावरचं 'रिवाइंडिंग'सुद्धा पेंटरनं चुकीचं लिहिलं होतं आणि सव्वीस वर्षांत त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं नव्हतं.

पण गावोगावी नाव होतं, ते त्यांच्या नाकाचं. मोटर आली की जोतीराम झाकण काढायचे, डोळे मिटायचे आणि आत नाक घालायचे. मग सांगायचे, पाणी शिरलंय, का एक फेज जाऊन करपलीय, का आधीच्या कारागिरानं हलकं वार्निश मारलंय. उघडून बघितलं तर तेच निघायचं. लोक कौतुकानं माना डोलवायचे. तेजस्वीला मात्र हल्ली त्याची लाज वाटायची. बाप काय करतो? तर हुंगतो. मैत्रिणींना सांगायची काही सोय होती का?

आणि गेल्या काही वर्षांत तर सगळंच बिघडलं होतं. पूर्वी दोन मिनिटांत सांगणारा माणूस आता प्रत्येक मोटरीला मीटर लावून अर्धा तास बसायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची. दुकानात एक अगरबत्ती लावायची सोडून पाच-पाच लावायची नवी भक्ती सुरू झाली होती, धुरानं डोळे चुरचुरायचे, दुसरा कसला वास म्हणून कुणाला यायचा नाही. परवा तर कहरच. गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं आणि पप्पा दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. आई केवढी ओरडली! "काय माणूस हाय का दगड?" तेजस्वीचंही मत दगड या बाजूलाच होतं.

राजवीरनं काउंटरवर एक खोका ठेवला. "हे नवीन. दोन पंख्यांचं. तीन वर्षं वॉरंटी." मग त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि काउंटरच्या खालून दुसरं कार्ड काढलं. खोका नाही, नुसतंच, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकात गुंडाळलेलं. "आणि हे बघा. तीन पंख्यांचं, बारा जीबी. एका पावण्यानं रविवारी-रविवारी वापरलंय. पैसे दोन्हीचे सारखेच."

तेजस्वी काउंटरवर वाकली. हे कार्ड तिनं व्हिडिओत इतक्या वेळा बघितलं होतं की त्याच्या पाठीवरचे स्क्रूसुद्धा तिला पाठ होते. पण ती काही दुधखुळी नव्हती. इंटरनेटवरचे ते डिजिटल पैसे खणायला महिनोन्महिने रात्रंदिवस तापवून मग पुसूनपासून विकलेली कार्डं असतात, हे तिला माहीत होतं. तिनं स्क्रू बघितले. ओरखडा नाही. पंखे बोटानं फिरवले. गुळगुळीत.

"लावून दाखवा," तिनं हुकूम सोडला.

राजवीरनं कार्ड दुकानातल्या मशीनला जोडून एक गेम चालवला. पडद्यावर डोंगर, धुकं, धावणारा घोडा. घोड्याच्या मानेवरचे केस वेगवेगळे हलत होते. केस! वेगवेगळे! शेजारी कीबोर्ड बघत उभी असलेली कॉलेजची दोन पोरंसुद्धा वळून बघायला लागली. तापमान ठीक होतं, आकडे ठीक होते.

"घेऊया," ती पप्पांना म्हणाली.

"थांब की. बघू दे."

राजवीरनं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं, अजून गरम होतं. आणि तेजस्वीला ज्याची भीती होती, तेच झालं. पप्पांनी डोळे मिटले आणि कार्डाला नाक लावलं.

जमिनीनं पोटात घ्यावं तर आत्ता, असं तिला झालं. एवढ्या लखलखाटात, एवढ्या काचेत, डाग पडलेल्या शर्टातला तिचा बाप बारा जीबीचं कार्ड हुंगत उभा!

"काका, अत्तर न्हवं ते," कॉलेजच्या पोरांतलं एक म्हणालं. दुसरं फिस्सकन हसलं.

पण राजवीरचा चेहरा बदलला. "थांबा थांबा. तुम्ही उद्यमनगरातलं जोतीरामकाका न्हवं? मोटरवालं? आयला, आमच्या चुलत्याची मोटर तुम्ही नुसता वास घेऊन सांगितलासा की! अजून सांगतोय तो. ए, हसू नका रे, नाक म्हणजे काय नाक हाय काकांचं!"

पप्पांनी डोळे उघडले. खूप वेळ लावला होता त्यांनी. "चांगलं हाय," ते म्हणाले. "करपलेलं न्हाय कुठं. घे."

"झालं की मग! काकांनी पास केलं म्हटल्यावर विषय संपला," राजवीरनं बिलबुक ओढलं.

तेजस्वीनं घाईघाईनं कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, निदान हुंगणं तरी थांबू दे म्हणून. कडेचं जोडणीचं तोंड बघायला तिनं ते डोळ्यांजवळ नेलं.

आणि वास आला.

वरून कसल्या तरी फवाऱ्याचा गोडसर वास होता, लिंबाचा. पण त्याच्या खाली, पंख्यांच्या पात्यांमागून, तो आला. आंबूस, करपट, घशाला चिकटणारा. तिला तो ओळखायला सेकंदसुद्धा लागला नाही. लहानपणी पप्पा संध्याकाळी तिला उचलून घ्यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा. जळालेल्या मोटरीचा. हे कार्ड रविवारी-रविवारी नव्हे, वर्षभर भट्टीसारखं तापलं होतं. शेंबड्या पोरालाही कळला असता, इतका स्पष्ट वास होता.

आणि पप्पांना आला नव्हता.

तिनं वर बघितलं. पप्पा कार्डाकडे बघत नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. गणित न सुटलेली मुलं शेजारच्या वहीत बघतात, तसे. जणू विचारत होते, चांगलं हाय म्हणालो, बरोबर हाय न्हवं?

दूध. पाच अगरबत्त्या. प्रत्येक मोटरीला अर्धा तास मीटर. करोनात पप्पा चौदा दिवस तापानं पडले होते. उठल्यावर आईनं केलेली आमटी खाऊन म्हणाले होते, "काय चव न्हाय." सगळ्यांचं तसंच झालं होतं तेव्हा. सगळ्यांचं परत आलं. मग पप्पांना कुणी विचारलंच नाही. आणि पप्पांनी सांगितलं नाही. इतकी वर्षं! जळक्या तांब्यात रोज नाक घालायचं, डोळे मिटायचे, आणि आत काहीच नाही.

"काय गं? पॅक करू?" राजवीरनं विचारलं.

वास येतोय, एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. राजवीर आज ना उद्या चुलत्याला सांगणार. चुलता गावात सांगणार. जोतीरामचं नाक गेलं.

आणि घ्यावं, तर वर्षभर राखलेल्या त्या रिकाम्या जागेत हे मढं बसवायचं.

तेजस्वीनं कार्ड काउंटरवर ठेवलं. "बसणार न्हाय हे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लांब हाय. माझं माप चुकलं."

"तीनशे दहा म्हणालीस की आत्ताच! स्वतः मोजलंय म्हणालीस!"

"दोनशे पन्नास हाय. चुकलं मोजताना."

ती दोन पोरं आता मनमोकळी हसली. "पट्टी उलटी धरली असंल," एक म्हणाला. राजवीरनं बिलबुक आपटलं. "म्हणूनच मी काकांशी बोलत होतो. व्हिडिओ बघून काय येतंय? पोरींनी उगंच ह्या फंदात पडायचं, आणि आमचा टाईम घालवायचा. एवढं चालवून दाखवलं!"

त्याच्या तोंडावर मारायला तेजस्वीकडे निदान अकरा उत्तरं तयार होती. एकेक असं की जेल वितळलं असतं. तिनं अकराच्या अकरा गिळली. कान गरम झाले होते, पण मान खाली घालून ती म्हणाली, "दोन पंख्यांचं द्या. नवीन."

"दिवे न्हाईत त्याला," राजवीर म्हणाला.

"चालतंय."

स्कूटरवर खोका तिच्या मांडीवर होता. वाटेत सिग्नल लागला. लाल दिव्याला पप्पांनी मान न वळवता विचारलं, "माप खरंच चुकलं?"

"व्हय."

"माझ्याच स्टीलपट्टीनं मोजलंवतंस. तीनदा. मी बघत होतो की."

तिनं खोका पोटाशी ओढला. सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला कोकलायला लागला तरी पप्पांनी गाडी काढली नाही. मग काढली.

हंबीरराव आधीच येऊन दुकानाच्या पायरीवर बसले होते. पांढरी टोपी, पुढं आलेलं पोट, आणि तोंडाला विश्रांती नाही. "काय जोतीराम, कुठं उलथलावतास? ऊस वाळालाय तिकडं! बघ की लवकर, काय झालंय हिला. त्ये मीटर-बिटर नको हं. हल्ली लई टाईम लावालायस तू."

पप्पांनी मोटरीचं झाकण काढलं. डोळे मिटले. वाकले.

आणि तसेच वाकून राहिले.

तेजस्वीनं खोका टेबलावर ठेवला. "पप्पा, बॅटरी धरतो मी," म्हणून ती समोरून मोटरीवर वाकली. दोघांची डोकी जवळजवळ टेकली. करपट वास नव्हताच. आत होता गंज आणि ओला कागद, बंद विहिरीत डोकावल्यासारखा.

"पप्पा," तिनं शाळेतल्यासारखं मोठ्यानं विचारलं, "पाणी शिरल्याचा वास मागं तुम्ही मला दाखवलासा, तसलाच हाय न्हवं हा? का मी चुकालोय?"

पप्पांचे डोळे उघडले. बॅटरीच्या उजेडात ते तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. तिनं नजर हलवली नाही.

पप्पा सरळ उभे राहिले. कमरेवर हात ठेवला. "चुकली न्हाईस," ते म्हणाले, आणि मग हंबीररावांकडे वळून, "पाणी गेलंय आत. वरचं सील फाटलंय बघा."

"बघा! नाक हाय का काय हाय!" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "आणि पोरगीबी शिकालीय म्हणा की!"

"शिकालीय," पप्पा म्हणाले.

हंबीरराव चहा सांगायला उठले. दिवेलागणीची वेळ झाली होती. पप्पांनी फोटोसमोरचा अगरबत्तीचा पुडा उचलला आणि सवयीनं पाच काड्या काढल्या. काडेपेटी ओढता ओढता थांबले. तेजस्वी खोक्यावरचं प्लॅस्टिक नखानं सोडवत होती. तिनं वर बघितलं नाही.

पप्पांनी चार काड्या परत पुड्यात सरकवल्या, आणि एकच लावली.