शेजारची खाट

“आन् शेजारच्या खाटंवर कोण हुतं?” रत्नव्वा सिस्टरांनी विचारलं.

विश्वजितने हातातल्या कागदांकडे पाहिलं. सुबक अक्षरातली आठ पानं होती, पण त्यांत शेजारची खाट कुठेच नव्हती. त्याचं वाचन ऐकताना थोड्या वेळापूर्वी दोन मुलींनी डोळे पुसले होते. खरं सांगायचं तर चष्मा पुसायच्या निमित्ताने मीही एकदा रुमाल काढला होता. पंचवीसपैकी चोवीस गुण मी मनातल्या मनात देऊनही टाकले होते. एक कापला तो निव्वळ मास्तरकीच्या सवयीने.

“सांग की,” सिस्टर म्हणाल्या.

मी मराठीचा प्राध्यापक. विद्यापीठाने ऑनर्सच्या मुलांसाठी ‘आरोग्य आणि मानव्यविद्या’ असा विषय काढला, तो कुणी घेईना, म्हणून माझ्या गळ्यात पडला. आजारी माणसाकडे आधी माणूस म्हणून कसं बघायचं, हे मुलांना शिकवायचं होतं. मला सुई नुसती दिसली तरी घेरी येते. पहिला महिना मी पुस्तकातलं वाचून दाखवलं आणि मुलांनी निमूटपणे जांभया दिल्या. मग कुणीतरी हुपरीच्या रत्नव्वा सिस्टरांचं नाव सुचवलं. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “सर, मला शिकवाय येत न्हाय. मला वॉर्ड सांभाळाय येतोय.”

“मग तेच शिकवा,” मी म्हणालो. आयुष्यात शहाणपणाची वाक्यं मी फारशी बोललेलो नाही, त्यातलं हे एक.

दर गुरुवारी त्या एसटीने यायच्या. हजेरी घ्यायच्या नाहीत. दारात उभ्या राहून प्रत्येकाला फक्त विचारायच्या, “जेवलास काय?” आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांतले खोटारडे बरोबर ओळखून त्यांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायच्या. सीमाभागात वाढलेल्या, त्यामुळे प्रत्येक मुलगा त्यांचा ‘आप्पा’ आणि त्याची आई ‘अव्वा’. शिकवायच्या मात्र एकच गोष्ट, ओव्हर. कामाची पाळी संपवून घरी निघालेली नर्स प्रत्येक खाटेपाशी उभी राहून येणाऱ्या नर्सला त्या पेशंटचं सगळं सांगते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. औषध काय दिलं, शेवटी कुठल्या कुशीवर वळवलं, जेवण गेलं का, कुणाची वाट बघतोय, सगळं.

“ओव्हर दिल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय,” त्या सांगायच्या. “दुसरीनं घेतली म्हनंपतूर त्यो मानूस तुजाच.”

परीक्षाही त्यांनीच ठरवली. चार रविवार एका आजारी माणसाजवळ जाऊन बसायचं, कागद-पेन न घेता, आणि मग वर्गात उभं राहून त्याची ओव्हर द्यायची. बाकीची मुलं अडखळत का होईना, तोंडी बोलली. गडमुडशिंगीच्या विश्वजितने तेवढी लिहून आणली. पहिल्या सत्रापासून पहिला येणारा, कमी बोलणारा मुलगा. त्याच्या ओव्हरमध्ये आकाराम नावाचा म्हातारा पैलवान होता, एकटा पडलेला, खिडकीतल्या पिंपळाशी गप्पा मारणारा. कोल्हापुरात पैलवान आला तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी रुमाल शोधत होतो.

“शेजारची खाट रिकामी होती, सिस्टर,” विश्वजित म्हणाला.

“चारी आयतवार?”

“हो.”

“आप्पा, सरकारी दवाखान्यात शेजारची खाट रिकामी? छत्तीस वर्सांत मला एक घावली न्हाय. दोन खाटांत तीन मान्सं असत्यात तितं. खरं सांग, तू गेलतास काय?”

विश्वजित पानं जुळवू लागला. मला मात्र राग आवरेना. त्यात फसवणुकीचा राग थोडा आणि रुमाल काढल्याची लाज जास्त, हे आता कबूल करतो. मी उठलो.

“विश्वजित, ही शुद्ध बनवाबनवी आहे. याला मी शून्य देणार. या विषयात नापास झालास तर ऑनर्स जाईल तुझं, कळतंय का?”

“सर, जरा बसा,” सिस्टर म्हणाल्या. मी बसलो. वॉर्डात डॉक्टरही असेच बसत असणार.

“गेलतो,” विश्वजित म्हणाला. वर्गात तो नेहमी पुस्तकी बोलायचा, ते आता सुटलं. “चारी आयतवार गेलतो. गेटापतूर. समोरच्या गाड्यावर च्या प्यालो आन् माघारी आलो.”

“का रं?”

“आई तितंच गेली माझी. दोन वर्सं झाली.”

“जवळ कोण हुतं?”

“मीच. सतरा दिवस मीच हुतो. शेवटच्या दिवशी सकाळी मावशी आली. म्हणाली, जा, तोंड धू, च्या पिऊन ये. मी गेलो. परत आलो तर खाटंवरची चादर बदलल्याली.”

पुढच्या बाकावरच्या राजनंदिनीने मान खाली घातली. मला माझं ते ‘शून्य’ गिळून टाकावंसं वाटलं.

“म्हंजे मावशीला ओव्हर न देताच ड्युटीवरनं उतरलास तू.”

“व्हय.”

“आन् त्याच्या म्होरंबी कुनाला दिली न्हाईस.”

“कुणी इचारलंच न्हाय, सिस्टर.”

गुडघे दुखतात म्हणून सिस्टर बसून शिकवायच्या. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि त्याच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या.

“मी इचारतो. तुज्या अव्वाची ओव्हर दे. मी घेतो.”

विश्वजितने आठ पानं बाकावर ठेवली. मग तो बोलू लागला.

“शालूबाई. वय बेचाळीस. किडनीचं दुखणं. डाव्या हाताला सुई, म्हणून उजव्या कुशीवर निजायची. फॅननं थंडी वाजायची तिला, पर समोरच्या आजीला उकडायचं, म्हणून बंद करा म्हणायची न्हाय. पाणी मोजून, दिवसाला दोन पेलं. त्यातलंबी घोटभर माझ्यासाठी ठेवायची. मी प्यालोय म्हटलं तरी ठेवायची.”

“शेजारी कोण?”

“चिमणाबाई, इचलकरंजीच्या. त्यांचा ल्योक कापडाच्या लूमवर कामाला, दुपारचा डबा आणाय कुणी नसायचं. आई आमच्या डब्यातली भाकरी आधी त्यास्नी द्याय लावायची. चादर बदलल्याली बघून मी तितंच खाली बसलो, तवा त्यांनीच माझं डोस्कं मांडीवर घेतलं.”

“उशाला काय?”

“जोडवी. पाय सुजल्यावर काढल्याली. रुमालात बांधून ठेवलीती, सूज उतरली की घालीन म्हणायची.”

“वाट कुनाची बघत हुती?”

सिस्टरांनी घाई केली नाही.

“माझीच,” तो म्हणाला. “मी च्या प्याय गेलतो.”

सिस्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“घेतली,” त्या म्हणाल्या. “ओव्हर घेतली, आप्पा. आता ती माज्याकडं हाय. तुजी ड्युटी संपली. जा, जेवून घे.”

तो रडला. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा रडला आणि कुणीही त्याच्याकडे टक लावून पाहिलं नाही. एवढं तरी त्या वर्गाला शिकवता आलं होतं. आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

संध्याकाळी सिस्टरांना एसटीत बसवून द्यायला गेलो. आभार मानायला तोंड उघडलं आणि जन्मभर भाषा शिकवणाऱ्या मला धड एक वाक्य जुळवता येईना. “तुम्ही आलात हे फार बरं झालं,” एवढंच म्हणालो.

“उपकार तुमचंच, सर,” त्या म्हणाल्या. “रिटायर झाल्यापास्नं मला कुनी ओव्हर दिली नव्हती. हात रिकामं पडलंतं.”

विश्वजितला त्यांनी आणखी चार रविवार दिले. गुणांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढची चौकट मी कोरी ठेवली. विभागप्रमुखांनी दोनदा विचारलं, दोनदा मी त्याच्या तापाचं निमित्त सांगितलं.

चौथ्या रविवारनंतरच्या गुरुवारी तो उभा राहिला. हातात कागद नव्हता. दारात ‘जेवलास काय’ला त्याने ‘हो’ म्हटलं होतं आणि सिस्टरांनी लाडू दिला नव्हता.

“सिस्टर,” तो म्हणाला, “आधी शेजारच्या खाटंवरचं सांगतो.”

रत्नव्वा सिस्टर गुडघ्यावर हात टेकून ओव्हर घ्यायला उभ्या राहिल्या.