पेटीतला वारा

मोहिनी लग्न होऊन मखमलाबादला आली, तेव्हा तिच्या भांड्याकुंड्यांसोबत काचेचा एक खोकाही आला. आत निळे-जांभळे दिवे, आत पंखे. वरातीतल्या बायकांना वाटलं नवरी मासे पाळते. एकीने काचेला नाक लावून पाणी कुठंय असं विचारलंसुद्धा. तो तिचा कॉम्प्युटर होता, एकेक भाग आणून तिने स्वतः जोडलेला. पण झेंडूच्या मळ्यातल्या त्या घरात त्याचं नाव पडलं ते पेटी, आणि पेटीच राहिलं.

पेटीतल्या प्रोसेसरला मोहिनी ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायची. त्याला म्हणतात ओव्हरक्लॉक. वेग वाढवला की वीज जास्त लागते, वीज वाढली की अंग तापतं, आणि ताप शंभर अंशांवर गेला की प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला आपण होऊन मंदावतो. वेग आणि गारवा या जणू नणंदा-भावजया. दोघींना एका घरात नांदवायची मोहिनीला भारी हौस. तिची पेटी पाच पूर्णांक एक गिगाहर्ट्झवर चालायची, आणि हा आकडा ती अशा तोऱ्यात सांगायची की जणू तो तिच्या माहेरचा मान होता.

एप्रिलच्या त्या शनिवारी या हौसेची परीक्षा होती. पुण्याच्या एका ॲनिमेशन कंपनीने तिला चाचणीचं काम दिलं होतं: मुलांसाठी एका मिनिटाची फिल्म, मधमाशी झेंडूच्या फुलात शिरते आणि परागात माखून बाहेर येते. मिनिट एकच, पण त्यात चित्रं चौदाशे चाळीस, आणि प्रत्येक पाकळीची सावली पेटीला मोजून काढायची. सकाळी कंपनीकडून कच्चा आराखडा हातात पडणार, संध्याकाळी सहाला फिल्म हवी. कंपनीच्या प्रतिभा मॅडमनी मोकळेपणाने सांगितलं होतं की घरच्या मशीनवर वेळेत जमलं तर घरूनच काम कर. नाही जमलं तर नोकरी आहेच, पण सोमवारपासून पुण्यात, ऑफिसच्या मशीनवर.

लग्नाला सहा महिने झाले होते. मनोज पहाटे फुलांचे क्रेट घेऊन बाजारात जायचा आणि परत येताना तिच्यासाठी न विकलेलं एखादं फूल मुद्दाम विकलं नाही असं सांगून आणायचा. तिला पुण्याला जायचं नव्हतं.

साध्या वेगाने एका चित्राला तीस सेकंद लागत, म्हणजे पूर्ण फिल्मला बारा तास. वाढवलेल्या वेगाने चित्राला चोवीसच सेकंद. सातला सुरू केलं, की साडेचारपर्यंत मोकळं. असा हिशेब मांडून तिने सातला पेटी जुंपली. दहापर्यंत सगळं कसं सुरेल. साडेचारशे चित्रं झाली, ताप नव्वदच्या आत.

दहानंतर मात्र सूर बिघडला. ब्याण्णव, शहाण्णव, शंभर. थोड्याच वेळात एकेक चित्र एकतीस सेकंद घ्यायला लागलं, म्हणजे पळवलेली पेटी न पळवलेल्या पेटीहून मागे पडली. बारा वाजले तरी सातशे साठ चित्रं बाकी होती. मोहिनीने बोटांवर मोजलं. संपायला साडेसहा वाजणार.

या खोलीवरचे पत्रे तापलेत, त्याला कोण काय करणार, असं ती स्वतःशी म्हणाली. पण घर गप्प बसणारं नव्हतं. वत्सलाबाई, तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, ओलं गोणपाट घेऊन आल्या. फुलांचे क्रेट त्या असेच झाकायच्या, आणि फुलं दुपारपर्यंत टवटवीत राहायची. मोहिनीने दारातच त्यांना अडवून पाणी आणि विजेचं कसं वैर असतं ते समजावलं. मग त्यांनी निदान माठ तरी जवळ ठेवू का असं विचारलं. मनोजने कूलर ढकलत आणला. तोही ओला, तोही दारातून परत गेला. पेटीच्या मागे त्याने दहा वाजता बाजारातून आल्या आल्या एक टेबलफॅन लावून दिला होता, तो तेवढा घरघरत होता.

सासरे सगळ्यात शेवटी आले. नाथा त्यांचं नाव, मोहिनी त्यांना मामा म्हणायची. मळा मुलाच्या हाती देऊन ते आता कांदाचाळी बांधायचे. पिंपळगावपासून चांदवडपर्यंत कुणाला कांदा सहा महिने टिकवायचा असला की बोलावणं यायचं. चाळ म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची लांब खोली, जमिनीपासून उचललेली, खालून-बाजूनं वारा खेळता. चाळ उभी राहताना ते तोंडातल्या तोंडात म्हणायचे,

वाऱ्या पाव्हण्यानं, खालच्या दारी यावं
दोन घडी बसुनिया, आढ्यातून जावं

त्यांनी पेटीला हात लावला नाही. देव्हाऱ्यातली एक उदबत्ती पेटवून आणली, खाली बसले आणि धूर पेटीच्या अवतीभोवती हळूहळू फिरवला. पुढून धूर आत ओढला गेला. इथवर ठीक. मागच्या जाळीतून तो बाहेर यायला हवा होता. तिथे तो जरासा डोकावला, समोरून टेबलफॅनचा झोत आला, आणि बिचारा गोंधळून पेटीच्या कडेने वळून पुन्हा पुढच्या तोंडाशी आला. पुन्हा आत गेला.

“आपलाच श्वास परत गिळती ही,” ते म्हणाले. “मागून कोण फुंकतंय तिला?”

मनोज दारात उभा होता. त्याचं म्हणणं, हात लावून पाहिला तर पेटी मागेच सगळ्यात गरम लागली. जिथं भाजतं तिथंच फुंकर घालायची ना? त्याचं चुकलं होतं, पण त्यात इतकी माया होती, की वत्सलाबाईंनी पदराआड तोंड लपवलं.

नाथामामांनी मात्र सुनेकडे पाहिलं. “तुला ठावं होतं?”

मोहिनीने मान खाली घातली. ठाऊक होतं. फॅन पाहिला तेव्हाच वाटलं होतं की तोंड उलट आहे. मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते, तिच्यावर वारा मारायचा नसतो.

“मग बोलली का नाय?”

“त्यांनी कौतुकानं लावला होता, मामा.”

“आणि पुण्याला काय कौतुकानं जाणार होती?”

यावर मनोजच आधी हसला. फॅन बंद करत तो म्हणाला, “अगं, सांगायचं की. मी काय उदबत्ती हाय का, लगेच राख व्हायला?”

पुढची वीस मिनिटं सगळं घर कामाला लागलं. झालेली चित्रं एकेक करून जपून ठेवलेली होती, तेव्हा पेटी थांबवली तरी हातचं चाललेलं एकच चित्र वाया जाणार होतं. पेटी दोन रिकाम्या क्रेटवर चढवली, खालून वाट मोकळी झाली. मागची जाळी खिडकीकडे वळवली. मामांनी पुठ्ठा वाकवून जाळीपासून खिडकीपर्यंत बोळकांडी केली, म्हणजे निघालेली गरम हवा थेट मळ्यात जाईल. टेबलफॅन पुढे आला, पेटीच्या तोंडासमोर, वाऱ्याच्या चालीने चालणारा.

आता मोहिनी वेगाचा आकडा भरायला बसली. पाच पूर्णांक एक.

“कितीवर भरती?” मामांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांना गिगाहर्ट्झ कळत नव्हते, पण भरणं कळत होतं. ते म्हणाले, चाळीला पाच फूट सोसतं. हौसेनं सहा फूट भरलं की तळचा कांदा घामेजतो, आणि मग वरचाही जातो. तुझ्या पेटीला किती सोसतं ते तूच बघ.

तिचा हात थांबला. दुपारी बाराचं ऊन पत्र्यावर टिकटिक वाजत होतं. माहेरचा मान एका बाजूला, सहा वाजताची वेळ दुसऱ्या बाजूला. तिने ओठ आवळले, आकडा चार पूर्णांक नऊवर आणला आणि विजेचा दाबही थोडा उतरवला.

एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. मग आणखी सहा अंश घसरून ताप जो ब्याऐंशीवर बसला, तो हललाच नाही. चित्राला पंचवीस सेकंद. पेटी आता घरघरत नव्हती, जात्यासारखी एका लयीत दळत होती. एकेक चित्र पडत होतं, आणि पडद्यावरची मधमाशी पाकळी-पाकळीने फुलाबाहेर येत होती. वत्सलाबाई चारदा येऊन तिला पाहून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, माशी बरोबर आहे, पण झेंडू जरा जास्तच स्वच्छ आहे, आपल्याकडे पानावर धूळ असते. मोहिनी म्हणाली, पुढच्या वेळी धूळ घालते.

शेवटचं चित्र साडेपाच वाजून गेल्यावर पडलं. सगळी सांधायला दहा मिनिटं. पाठवायला मोबाइलचं नेटवर्क गच्चीवरच नीट मिळायचं, म्हणून मनोज फोन उंच धरून टाकीपाशी उभा राहिला, आणि त्याचा हात दुखेपर्यंत, म्हणजे सहाला सहा मिनिटं असताना, फिल्म पुण्याला पोचली.

सव्वासहाला प्रतिभा मॅडमचा फोन आला. पाकळ्यांवरच्या सावल्या फार आवडल्या, पुढचं काम मंगळवारी पाठवते, आणि पुण्याला यायची गरज नाही. शिवाय त्यांनी उत्सुकतेने विचारलं, की एवढ्या उन्हात कूलिंग कुठलं वापरलंस. मोहिनीने अंगणात पाय धूत बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “चाळीचं.” मॅडमना वाटलं असेल ते नवं मॉडेल असावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वत्सलाबाईंनी या आनंदात सगळ्यांसाठी चहा टाकला. ओसरीवर कपबश्या आल्या. मळ्यावरून वारा येत होता, झेंडूचा कडसर वास घेऊन. मनोज दुखरा हात चोळत बसला होता. मोहिनीने बशीत चहा ओतला, एक घोट घेतला, आणि बशी खाली ठेवली.

“आत्या, एक सांगू?”

“सांग की.”

“चहात साखर लय होते मला. पहिल्या दिवसापासून.”

वत्सलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “अगं, सहा महिने?”

“सहा महिने.”

नाथामामांना ठसका लागला. वत्सलाबाई उठल्या, सुनेची बशी उचलून मनोजच्या कपात रिकामी केली, आणि आत जाता जाता म्हणाल्या, “ये मग इकडं चुलीपाशी. किती घालायची ते दाखव, आणि दुसरंही काय काय साठवलंय ते आत्ताच सांगून टाक.”

मोहिनी उठून त्यांच्या मागे गेली. आतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं.