पहिल्या घावाचा मान

आमच्या सासऱ्यांना, जगदेवरावांना, मानाचं भारी वेड. दसऱ्याला दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत पिंपळाखाली कोहळा कापतात, त्यावरचा पहिला घाव आमच्या घराचा. पूर्वज गायकवाडी फौजेत होते. फौज गेली, मान तेवढा उरला. घरात दुसरं काही उरलेलं नाही, हे चूल मी सांभाळते म्हणून मला ठाऊक.

२००० सालच्या चैत्रात एका टेलिफोन कंपनीचा ठेकेदार गल्लीत चर खणत आला. केसाएवढी काचेची तार, तिच्यातून म्हणे सगळं जग घरात येणार. चर पिंपळाच्या मुळांपाशी अडला. दाहोदकडच्या मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. पिंपळ आम्ही तोडत नाही, म्हणाले. पलीकडून जायचं तर दुकानांच्या पायऱ्या फुटणार, आणि दुकानदार भांडायला तयारच होते. गल्लीत पिंपळाच्या बाजूने मी एकटी.

ठेकेदार महालबाड. सासऱ्यांपुढे वाकून म्हणाला, "बापजी, पहेलो घा तो तमारोज. मान तमारा घरनो."

"आबासाहेब, मुळं गेली की झाड पडेल," मी म्हणाले. "दुपारी आईसाहेब कुठे बसतात, ते तरी बघा." सासूबाईंना दमा. पत्र्याच्या खोलीत जीव घुसमटला की त्या पारावर येऊन बसत.

"सूनबाई, यातलं तुम्हाला कळत नाही." ते फेटा बांधून, तलवार घेऊन आले आणि मुळावर घाव घातला. त्यांनीच घातला म्हटल्यावर मजुरांनी मुकाट्याने कुदळी उचलल्या. मला त्या फेट्याची किळस आली.

आषाढातल्या वाऱ्यात पिंपळ आडवा झाला, सोबत पारही उखडला. त्या जागी कंपनीने लोखंडी पेटी बसवली. तिच्यातले पंखे दिवसभर गरम हवा आमच्या ओट्यावर फेकतात. सासूबाई आता पत्र्याखालीच पडून असतात.

दसऱ्याला सासरे फेटा बांधून ओट्यावर बसले. ढोल आला, दारावरून पुढे मारुतीच्या देवळाकडे गेला. कोहळा यंदा तिकडे होता.

"बोलावणं येईल ना, सूनबाई?"

मी आतून तलवार आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "नाही येणार. ही पेटी आहे ना, आबासाहेब. घाला हिच्यावर घाव."

ते पेटीकडे बघत राहिले. आत सासूबाई खोकत होत्या, थांबतच नव्हत्या. शेवटी त्यांनी आपल्या हाताने फेटा उतरवला. मला त्यांची दया आली नाही.